पाणी खालीच जाणार

निवृत्तीनंतर माणसाला काय काय जडतं याची एक यादी आमच्या डॉक्टरांच्या टेबलाच्या काचेखाली असते. तिच्यात मधुमेह आहे, रक्तदाब आहे, गुडघे आहेत, बाग नाही. ही त्या यादीतली मोठीच उणीव आहे. रक्तदाबाला निदान गोळी असते. पण एकदा का माणूस गाळण्यातला चहाचा चोथा केरात न टाकता गुलाबाच्या मुळाशी नेऊन ठेवू लागला, की तो बरा होण्याची आशा नातेवाइकांनी सोडून द्यावी.

मला हा रोग कोळवणला जडला. पौडला मुख्य रस्ता सोडून आत वळलं की वळकी नदीच्या खोऱ्यात हे गाव लागतं. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये भातखाचरं, आणि हवा स्वच्छ असली की समोर तिकोना. बँकेतून निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशांतून मी इथे उतारावरचा एक तुकडा घेतला. पहिल्याच वर्षी जेसीबी लावून तो सपाट केला, कारण 'लॉन' हवं असा माझा हट्ट होता. त्याभोवती कंपाउंडची भिंत घातली. जांभा रंगाचे गुलाब, मोगरा, अनंत, मागच्या अंगाला वांगी-मिरच्या आणि एक हापूसचं कलम. ते कलम गेली सहा वर्षं विचार करतं आहे.

आमच्या उताराची रचना सरकारी कचेरीसारखी आहे. सर्वांत वर साहेब, म्हणजे एका निवृत्त इंजिनियरांचा बंगला. मध्ये मी. आणि सर्वांत खाली ज्याच्यामुळे काम चालतं तो, म्हणजे आबांचं भातखाचर. आबांचं वय मला माहीत नाही. त्यांनाही नसावं. विचारलं की ते "लई झालं" एवढंच सांगतात.

आता वळवाच्या पावसाविषयी. या पावसावर मराठीत उदंड कविता झाल्या आहेत. त्या करणाऱ्यांपैकी एकाचीही वांग्याची रोपं त्या दिवशी उघड्यावर नसावीत असं माझं मत आहे. मातीचा वास येतो हे खरं, पण तो येतो तेव्हा माती जागेवर असते. पंधरा मिनिटांनी वासही जातो आणि मातीही जाते. मुळशीच्या डोंगरात वर कातळ आणि त्यावर वीतभर माती, असा प्रकार. पाणी मुरायला जागा नाही, मग ते पळतं. आणि पळणारं पाणी वाटेत कोणाची बाग आहे याची चौकशी करत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात तर वळवाने ताळतंत्रच सोडला. एरवी चार वाजता गडगडून पाचला उघडणारा हा पाहुणा. त्या वर्षी तो मुक्कामालाच आला, आणि तो जायच्या आत मोसमी पाऊसही येऊन दाखल झाला. केरळात १ जूनला यायचा तो २४ मेला पोचला, आणि मुंबईत ११ जूनला यायचा तो २६ मेलाच. म्हणजे पंधरवडाभर आधी. आमच्या बँकेत असा वेळेआधी येणारा एकच मनुष्य होता, आणि त्याच्यावरही कुणाचा विश्वास नव्हता.

पहिल्या वादळात हिरवी जाळी उडाली. ती तीन दिवसांनी नदीकाठच्या बाभळीवर सापडली. दुसऱ्या पावसात वरच्या बंगल्याचं पाणी आलं. साहेबांनी अंगणभर फरशी घातलेली. त्यावरचं सगळं पाणी एका कोपऱ्यातून थेट माझ्या गुलाबांवर! मी छत्री घेऊन वर गेलो आणि शेजारधर्म, नागरिकशास्त्र आणि सार्वजनिक नीती यांवर व्हरांड्यात उभा राहून दहा मिनिटं बोललो. साहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "हे पाहा, पाणी वरून खालीच जाणार. त्याला मी काय करणार?"

संतापाने मला त्या रात्री झोप आली नाही. इतका स्वार्थी मनुष्य मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. (पुढच्या आठवड्यात पाहिला. तो आरशात होता. पण ते पुढे.)

दुसऱ्या दिवशी मी पौडहून सहा इंची पाइप आणला. भिंतीच्या आतून एक चर खणला, वरचं पाणी त्यात घेतलं आणि भिंतीच्या पायथ्याला भोक पाडून पाइपाने बाहेर सोडलं. बाहेर म्हणजे कुठे, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही असं म्हणणं खोटं होईल. आला होता. पण मनात आलेल्या प्रत्येक प्रश्नाला खुर्ची द्यायची नसते, हे मी बँकेत शिकलो होतो.

वीस मेच्या सुमाराची ती रात्र. आकाश फाटलं म्हणतात तसा पाऊस. मी बॅटरी घेऊन खिडकीत. चर भरून वाहत होता, पाइप घशात पाणी अडकल्यासारखा घरघरत होता आणि गुलाबांच्या वाफ्यात घोटाभरसुद्धा पाणी नव्हतं. रात्री अकरा वाजता मी हिला उठवून भजी करायला लावली. "कशाबद्दल?" तिने विचारलं. "स्थापत्यशास्त्राबद्दल," मी म्हणालो.

सकाळी फाटकाशी आबा उभे होते. डोक्यावर पोत्याची खोळ आणि हातात घमेलं. घमेल्यात माझा एक गुलाब, मुळासकट.

"सायेब, ह्ये तुमचं आलं व्हतं खाली. म्हटलं द्यावं न्हेऊन. जगंल अजून."

चराच्या कडेचं झाड होतं. मी आभार मानले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्याकडे काही नुकसान नाही ना?"

"चला की, बगा."

गेलो. पाइपाच्या तोंडापासून आबांच्या खाचरापर्यंत कमरेइतकी खोल घळ पडली होती, आणि ती जिथे पसरली तिथे आबांनी राब भाजून ठेवला होता. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या डहाळ्या, पेंढा आणि वर माती असे थर देऊन ते पेटवतात. जमीन भाजते, तणाचं बी मरतं, राखेचं खत मिळतं. थंडीपासून हे सगळं डोक्यावरून वाहून आणायचं, उन्हात वाळवायचं, भाजायचं. आणि रोहिणी नक्षत्र लागलं की त्या धुळीसारख्या कोरड्या मातीत बी पेरायचं. रोहिणी लागायला चार-पाच दिवस होते. राबावर आता राखेचा कणही नव्हता. होती ती माझी लाल माती, कंपोस्टसकट, आणि तीत रुतलेली 'गुलाब : जांभा' अशी माझ्या अक्षरातली एक पाटी.

"माती झ्याक हाय तुमची," आबा म्हणाले. ते खोचून बोलत होते का, हे मला आजवर कळलेलं नाही.

मी पैशाची भाषा केली. बँकेतल्या माणसाला दुसरी येत नाही. आबांनी हात हलवला. "आवो, पाऊस हाय. अर्दं त्यानंच न्हेलं असतं. आन राखंचं काय, पुन्यांदा करू. पर त्याला वाळलेलं ऊन लागतंय. ते कुठनं आनायचं?"

ते वाक्य घेऊन मी घरी आलो आणि गेलं वर्षभर ते माझ्याकडेच आहे.

कारण त्या 'अर्ध्या'ने मला मोठा घोटाळ्यात टाकलं. आबांनी मला अर्धी माफी आपण होऊन दिली होती, आणि माझ्यासारखा मनुष्य अर्धी माफी मिळाली की उरलेल्या अर्ध्यासाठी अपील करतो. मी कागद घेऊन हिशेब मांडला. अर्धं पावसाचं, म्हणजे देवाचं. उरलेल्यातलं निम्मं वरच्या साहेबांचं, कारण पाणी मूळ त्यांचं. राहिलं पाव. त्या पावातही गाळ उपसण्याची मजुरी, माती फुकट मिळाली तिची किंमत... रात्रीपर्यंत आबाच माझं थोडंफार देणं लागतात असं निघू लागलं, तेव्हा मी कागद फाडला.

मग कायदा पाहिला. १८८२ सालचा इझमेंट अ‍ॅक्ट नावाचा एक कायदा आहे. त्याच्या सातव्या कलमाखालच्या उदाहरणांत म्हटलं आहे की, वरच्या जमिनीवर पडणारं पाणी नैसर्गिक रीतीने खालच्या जमिनीत वाहू देणं हे खालच्या मालकाला भाग आहे. मी आनंदाने हिला ओरडून सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "सहा इंची पाइप नैसर्गिक असतो का?" बायकोला वकिली शिकवावी लागत नाही.

कायद्याने हात टेकल्यावर मी पुराणांकडे वळलो. आदिपर्वात धौम्य ऋषींच्या आरुणी नावाच्या शिष्याची गोष्ट आहे. आपण ती शाळेत असताना ऐकली. शेताचा बांध फुटला, गुरूंनी पाणी अडवायला सांगितलं, काही केल्या अडेना, तेव्हा पोरगं स्वतःच त्या खिंडारात आडवं झालं. गुरुभक्तीचा कळस! सत्तर वर्षांत ही गोष्ट मी निदान पन्नास वेळा ऐकली असेल आणि पाच-पन्नास मुलांना सांगितलीही असेल. पण आरुणीने अडवलेलं ते पाणी गेलं कुठे? शेजारी कुणाचं शेत होतं? त्याचा बांध शाबूत होता का? व्यास यावर काही बोलत नाहीत. पुढे गुरूंनी हाक मारल्यावर तो उठला, बांध फुटला आणि पाणी सुटलं. त्यावरून त्याचं नाव उद्दालक पडलं. म्हणजे शेवटी पाणी जायचं तिथे गेलंच, आणि आशीर्वाद मिळाला तो आडव्या झालेल्याला. खालच्या शेतातल्या माणसाचं नावही राहिलं नाही.

चिनी लोक याबाबतीत अधिक चौकस निघाले. सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मेन्शियस नावाच्या त्यांच्या तत्त्वज्ञापुढे एका मुत्सद्द्याने फुशारकी मारली की, पूर आवरण्यात आपण जुन्या यू राजालाही मागे टाकलं. मेन्शियसने त्याला सुनावलं ते असं : यू राजाने पाणी समुद्रात सोडलं, तुम्ही ते शेजारच्या राज्यांत सोडता. हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. चीनमधल्या माणसाला माझ्या पाइपाची माहिती असावी हे काही बरं वाटलं नाही.

समुद्रात सोडायचं म्हटलं तर कोळवणहून तो लांब. वळकीचं पाणी मुळेला, मुळेचं पुण्यात मुठेला मिळून पुढे भीमेला, मग उजनी, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. वाटेत औंधला मुळेच्या काठी आमच्या चिरंजीवांचा फ्लॅट आहे आणि त्याची गाडी तळमजल्यावर उभी असते. या दृष्टीने पाहिलं तर तोही 'खालचा'च. तसं पाहिलं तर या उतारावर शेवटचा खालचा कुणी नाहीच. मुळशी तालुक्याला हे नवं नाही. १९२१ साली सेनापती बापटांनी इथे सत्याग्रह केला तो धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनींसाठी. दिवे मुंबईत लागायचे होते.

पुराची माझी पहिली आठवण १२ जुलै १९६१ ची, पानशेतची. मी सहा वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर वाड्यात परतलो तेव्हा आमची तुळस कुंडीसकट गेली होती आणि तिच्या जागी, चिखलात, कुणाचं तरी पत्र्याच्या डब्यात लावलेलं कोरफडीचं रोप येऊन बसलं होतं. आजीने ते धुतलं आणि वाढवलं. कुणी मागायला आलं तर द्यायचं म्हणून तिने तो गंजका डबा कधी बदलला नाही. कुणी आलं नाही. घमेल्यातला गुलाब पाहिल्यावर चौसष्ट वर्षांनी मला तो डबा आठवला.

चार दिवसांनी मी आबांना विचारलं, "पूर्वी पाणी कुठून जायचं हो?" आबांनी माझ्या लॉनच्या मधोमध बोट दाखवलं. तिथून एक ओघळ होती. वरून यायची, वळण घेऊन आबांचं खाचर टाळून, उंबराखालून नदीकडे जायची. जेसीबीने मी ती बुजवली होती. "तवाच सांगणार व्हतो," आबा म्हणाले, "पर तुमी लई खुशीत व्हता."

ओघळ मोकळी करायची म्हणजे लॉनचे दोन तुकडे, गुलाबांची एक ओळ जाणार, आणि भिंतीला दोन ठिकाणी खिंडार. मी दोन दिवस काढले. खरं सांगायचं तर चार. उपाय म्हणून पाइपाला आणखी एक पाइप जोडून पाणी आबांच्याही पलीकडच्या खाचरात सोडता येईल का, हेही मोजून पाहिलं. येत होतं. तिथे आबांचा भाऊ पेरतो.

शेवटी भिंत फोडली. आता प्रत्येक पावसात माझ्या दिवाणखान्यासमोरून एक गढूळ नदी वाजतगाजत जाते, आणि पाहुणे विचारतात की, हे मुद्दाम केलंय का. कलमाने नवी पालवी धरली. तिचा ओघळीशी संबंध आहे असं आबा म्हणतात. आबांना त्या वर्षी रोप साधलं नाही. हवं तसं ऊन पडलंच नाही. भावाच्या उरलेल्या रोपांवर त्यांनी निम्मं खाचर लावलं, निम्मं पडीक राहिलं. त्या निम्म्यातलं माझं किती, हे मी पुन्हा मोजायला बसलो नाही. दिवाळीनंतर त्यांनी इंद्रायणीची पायली आणून ओट्यावर ठेवली. मी पैसे पुढे केले तर ते रागावले. आयुष्यात पहिल्यांदाच रागावलेले पाहिले त्यांना.

पाइप भिंतीला टेकवून ठेवला होता. मागच्या आठवड्यात वरचे साहेब आले. चहा झाला, ओघळीचं कौतुक झालं. उठता उठता म्हणाले, "तो पाइप तुम्ही वापरत नाही ना आता? आमच्याकडे पलीकडच्या बाजूला थोडं पाणी साठतं. तिकडे खाली कुणी राहत नाही."

मी बघून सांगतो म्हणालो. काल संध्याकाळी तिकडे चक्कर मारून आलो. खाली एक झोपडी आहे, आणि दारात लाल भोपळ्याचा वेल.