भाषा सज्ञान कधी होते?

पावित्र्यामुळे भाषा टिकते, असे आपण मानतो. हिब्रूने ते अर्धेच खरे ठरवले. ही भाषा शतकानुशतके प्रार्थनेत, धर्मग्रंथांत, पंडितांच्या पत्रांत टिकली. पण तिच्यात कुणी लेकराला रागावत नव्हते की भाजीचा भाव विचारत नव्हते. १८५३ मध्ये अव्राहम मापूंनी हिब्रूतली पहिली मानली जाणारी कादंबरी प्रसिद्ध केली, तीही यशाया संदेष्ट्याच्या काळातली. पुढे लेखक मेंडेले मोखेर स्फोरिम यांनी तिच्यात गावातली गरीब माणसे आणली. १८८१ मध्ये पॅलेस्टाइनला गेलेल्या एलिएझर बेन-येहूदांनी घरात हिब्रूच बोलायची असा हट्ट धरला आणि रोजच्या व्यवहारासाठी नवे शब्द घडवले.

कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंनी वेगळी वाट धरली. प्रार्थना हिब्रूत, पण समजून घेणे मराठीत. १८४६ मध्ये मुंबईत पेसाख सणाची हग्गादा ही पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. पुढे बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने झाली.

आपल्या नांदेड-लातूरकडे प्रश्न उलटा होता. मराठी घरात, शेतात, भजनात नांदत होती. निजामाच्या कचेरीत आणि वरच्या वर्गांत मात्र उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच. हिब्रूला ग्रंथातून घरात यायचे होते, मराठीला घरातून ज्ञानाच्या दारात जायचे होते. १९४८ मध्ये निजामाची राजवट संपल्यावर ते दार उघडले, आणि १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले.

पण घर आणि शाळा मिळाली म्हणजे भाषा सज्ञान झाली, असे नव्हे. किशिनेवमधल्या ज्यूंच्या १९०३ च्या हत्याकांडावर हिब्रू कवी बियालिकांनी कविता लिहिली, तिच्यातला संताप स्वजनांच्या हतबलतेलाही सोडत नाही. इस्रायल स्थापन होऊन वर्ष उलटते तोच, १९४९ मध्ये, एस. यिझहार यांनी 'खिर्बेत खिझे' ही कथा लिहिली: अरब गावकऱ्यांना गावाबाहेर काढणाऱ्या सैनिकाच्या मनातली टोचणी. हिब्रू कथाकार अॅग्नॉन यांना १९६६ मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले, जगाने हिब्रूला मान दिला. तरी मला यिझहारांचे धैर्य मोठे वाटते. विजयाच्या धुंदीत आपल्याच माणसांना प्रश्न विचारण्याची ती परंपरा अमोस ओझ आणि डेव्हिड ग्रॉसमन या कादंबरीकारांनी पुढे नेली.

नांदेडात हेच काम नरहर कुरुंदकरांनी मराठीत केले. पीपल्स कॉलेजात शिकवणाऱ्या या माणसाने मनुस्मृतीची परखड चिकित्सा केली, श्रद्धा आणि इतिहास यांना युक्तिवादाच्या कसोटीला लावले, आणि तेही सामान्य श्रोत्याला कळेल अशा मराठीत.

आज मराठीचा अभिमान सांगणारे पुष्कळ आहेत. अभिमानाने भाषा जपली जाईल, पण मोठी होणार नाही. मराठवाड्यातली जात, कर्ज, पाणी आणि स्थलांतर यांबद्दल आपल्याच माणसांना न आवडणारे सत्य मराठीत लिहिणारे आणि ते शांतपणे ऐकून घेणारे वाढले पाहिजेत. भाषेचे सज्ञानपण तिथेच ठरते.