सख्य आणि प्राणार्पण

योहानकृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात, अटक होण्यापूर्वीच्या अखेरच्या संभाषणात, येशू शिष्यांचे स्थान बदलतो. यापुढे ते दास नव्हेत, मित्र. दास आणि मित्र यांतला फरक तिथे प्रेमाच्या कमी-अधिक मात्रेवर ठरवलेला नाही. धन्याच्या मनात काय आहे ते दासाला ठाऊक नसते. पित्याकडून ऐकलेले सारे शिष्यांना सांगून झाले आहे, म्हणून ते मित्र ठरतात. मित्रांसाठी प्राण देणे ही प्रीतीची परमसीमा आहे, हे प्रसिद्ध विधानही याच परिच्छेदातले. पहिल्या महायुद्धानंतर ते इंग्लंडमधल्या अनेक युद्धस्मारकांवर कोरले गेले. त्याला लागून असलेले दास-मित्रांचे विधान मात्र दगडावर फारसे आले नाही. ही दोन विधाने एकमेकांपासून तुटली की ख्रिस्ती शिष्यत्वातील आत्मत्यागाचा अर्थ बिघडतो. कशासाठी मरायचे हे न कळता मरणे दासाच्याही वाट्याला येते.

देवाशी मैत्री ही कल्पना योहानाने प्रथम मांडली असे नाही. यशयाच्या ग्रंथात अब्राहाम देवाचा मित्र म्हटला गेला आहे, आणि निर्गमाच्या पुस्तकात परमेश्वर मोशेशी मित्राशी बोलावे तसा समोरासमोर बोलतो. पण हे मान कुलपित्याचे आणि संदेष्ट्याचे होते. योहानाने ते साध्या शिष्यांच्या मेळ्याला दिले. ग्रीक विचाराला हे पटण्यासारखे नव्हते. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या आठव्या भागात म्हटले होते, की दोघांमधले अंतर फार वाढले तर मैत्री उरत नाही. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण देवांचेच होते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ॲरिस्टॉटलचीच मैत्रीची व्याख्या हाती घेऊन उलट निष्कर्ष काढला. ख्रिस्ती प्रीती म्हणजे माणसाची देवाशी मैत्रीच, कारण देव स्वतःच्या आनंदात माणसाला सहभागी करून घेतो. ॲरिस्टॉटलने मोजलेले अंतर अक्वायनसने नाकारले नाही. ते माणसाच्या बाजूने ओलांडायचे नाही, एवढेच त्याने दाखवले.

तरीही एक अडचण राहते. येशूची मैत्री अटीसह येते: आज्ञा पाळाल तर मित्र. मित्र मित्राला आज्ञा करतो काय? पण ती आज्ञा एकमेकांवर प्रीती करण्याची आहे, आणि आज्ञा करणारा स्वतः आधी त्या वाटेने निघालेला आहे. शिवाय निवड शिष्यांनी केलेली नसून त्यांचीच निवड झालेली आहे, असे तिथेच स्पष्ट केले आहे. मैत्री आधी मिळते; त्याग तिच्यातून उगवतो.

हा क्रम योहानाने पेत्राच्या कथेत सर्वांत चांगला दाखवला आहे. तेराव्या अध्यायात पेत्र येशूसाठी जीव द्यायची भाषा करतो आणि त्याच रात्री त्याला तीनदा नाकारतो. त्याचा त्याग खोटा नव्हता. तो अकाली होता. आपला गुरू कोणत्या वाटेने चालला आहे हेच त्याला अजून उमगले नव्हते. एकविसाव्या अध्यायात त्याला तीनदा एकच प्रश्न विचारला जातो, आणि तो धैर्याविषयी नाही, प्रेमाविषयी आहे. त्यानंतर मेंढरे सांभाळायचे काम सोपवले जाते, आणि मग त्याच्या मरणाचे सूचन येते.

विसाव्या शतकात मैत्री आणि प्राणार्पण यांच्या नात्याचा प्रश्न एका वेगळ्याच जागी उभा राहिला. 1941च्या जुलैअखेर आउश्विट्झच्या छावणीतून एक कैदी निसटला. सूड म्हणून उपासमारीने मारण्यासाठी दहा जण निवडले गेले. त्यांतला फ्रान्चिशेक गायोव्हनिचेक बायकामुलांच्या आठवणीने आक्रंदू लागला, तेव्हा मॅक्सिमिलियन कोल्बे हा पोलिश फ्रान्सिस्कन धर्मगुरू रांगेतून पुढे आला आणि त्याने त्याची जागा मागितली. दोन आठवड्यांनंतरही तो जिवंत होता, म्हणून 14 ऑगस्टला त्याला फिनॉलचे इंजेक्शन देऊन मारले. (कोल्बेच्या मठातून निघणाऱ्या दैनिकातील यहूदीविरोधी मजकुरावर पुढे कठोर टीका झाली. ती योग्यच होती. एका थोर कृतीने माणसाचा सारा हिशेब मिटत नाही.)

चर्चपुढे पेच पडला तो वेगळाच. हुतात्मा म्हणजे श्रद्धेच्या द्वेषापोटी मारला गेलेला, अशी रूढ कसोटी. कोल्बे तर एका परक्यासाठी आपणहून मेला. 1971 मध्ये त्याला ‘धन्य’ ठरवताना हुतात्म्याचा दर्जा दिला नव्हता. 1982 मध्ये संतपद देताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी तो दिला. त्या सोहळ्याला गायोव्हनिचेक हजर होता. 2017 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रीतीपोटी केलेले प्राणार्पण ही संतपदाची स्वतंत्र वाट ठरवली. त्या आदेशाचे लॅटिन नाव योहानाच्या त्याच वचनावरून घेतलेले आहे. अर्पण स्वेच्छेचे हवे आणि त्याआधीच्या आयुष्यात ख्रिस्ती सद्गुण दिसलेले हवेत, या अटी त्यात आहेत. म्हणजे चर्चनेही शेवटच्या क्षणाच्या मागचे नाते पाहायचे ठरवले. कोल्बेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसते: ज्याच्यासाठी तो मेला तो त्याचा मित्र नव्हता. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो की ख्रिस्त मेला तो वैऱ्यांसाठी. योहान आणि पौल यांत विरोध दिसतो खरा, पण प्राणार्पणानेच परका मित्र होतो असे मानले तर तो उरत नाही.

त्यागाच्या गौरवात धोकाही आहे. 1960 मध्ये अमेरिकन लेखिका व्हॅलरी सेव्हिंग यांनी दाखवले की अहंकार हेच मूळ पाप आणि आत्मत्याग हाच उपाय, हे धर्मशास्त्र पुरुषांच्या अनुभवावर बेतलेले आहे. ज्या स्त्रीला स्वतःचे असे काही उरलेच नाही, तिला आणखी त्याग शिकवणे म्हणजे तिला पुसून टाकणे. आक्षेप बिनतोड आहे. त्याला उत्तर असेल तर ते मित्र आणि दास यांच्या भेदातच आहे: ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्याकडून घेतलेला त्याग शिष्यत्वात मोजता येणार नाही.

मराठी वाचकाला हा क्रम अनोळखी नाही. नवविधा भक्तीत दास्य सातवे, सख्य आठवे आणि आत्मनिवेदन नववे. ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकात समर्थ देवाच्या सख्यासाठी जिवलग आणि अखेर प्राणही वेचायला सांगतात. फरक आरंभाचा आहे: तिथे सख्य जोडायला भक्त निघतो, योहानात ते देवाकडून येते. या दोन्ही परंपरा ज्यांच्यात एकत्र आल्या ते रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंगांतून ख्रिस्ताला माउली आणि गुरू मानून आळवले. 1917 मध्ये मिशनच्या सेवेतून बाहेर पडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे शिष्य सामावून घ्यायचे होते. दोनच वर्षांनी, 1919 मध्ये, ते वारले.