साखरेच्या भांड्यात काय होतं?

गेल्या मे महिन्यात माझी नात सुट्टीला बेळगावला आली, ती तेरा इंग्रजी पुस्तकांची चळत घेऊनच. वय वर्षं बारा. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा चहा व्हायच्या आत तिनं पहिलं पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही जन्मभर इंग्रजी शिकवलंत ना? मग हे सगळं वाचा आणि मला सांगा, साखरेच्या भांड्यात काय होतं?"

निवृत्त मास्तराला नातीनं घातलेला गृहपाठ टाळता येत नाही. मी महिनाभरात तेराही पुस्तकं वाचली. उत्तर मिळालं नाही. पण त्या भांड्यानं माझ्या मनातलं साठ वर्षांपूर्वीचं एक झाकण उघडलं. त्याबद्दल हे लिहितो आहे.

ज्या घरांत ही पुस्तकं पोचलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडी हकिकत सांगायला हवी. मालिकेचं नाव 'अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स', म्हणजे दुर्दैवी घटनांची मालिका. लेखक म्हणून नाव आहे लेमनी स्निकेट. हे टोपणनाव असून खरे लेखक अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचे डॅनिएल हँडलर. पहिलं पुस्तक १९९९ साली आलं आणि तेरावं २००६ च्या ऑक्टोबरात, तेही मुद्दाम तेरा तारखेच्या शुक्रवारी. व्हायोलेट, क्लाउस आणि सनी ही बोदलेअर कुटुंबातली तीन मुलं घराला लागलेल्या आगीत पोरकी होतात. त्यांच्या इस्टेटीवर डोळा ठेवून काउंट ओलाफ नावाचा नट वेशांतरं करत त्यांच्या पाठीस लागतो. मोठी माणसं नेहमी उशिरा येतात आणि आली तरी ऐकत नाहीत. लेखक दर थोड्या पानांनी वाचकाला बजावतो की बाबा रे, पुस्तक मिटून दुसरं काहीतरी आनंदाचं वाच. अर्थात कोणतंही मूल मिटत नाही.

मधल्या पुस्तकांपासून एका गुप्त मंडळाचे धागे दिसू लागतात. एके काळी आगी विझवणारं हे मंडळ दुभंगलं आहे. एक गट आगी विझवतो, दुसरा लावतो. आणि या दोन्ही गटांना हवं आहे एक साखरेचं भांडं. चहाच्या सरंजामात असतं तसलं, साधं. एस्मे नावाच्या श्रीमंत बाईचं म्हणणं असं की ते तिच्याकडून बीअट्रिसनं चोरलं. ते समुद्राखालच्या गुहेत शोधलं जातं, कावळ्यांकरवी हॉटेलात पाठवलं जातं आणि शेवटी तिथल्या तळ्यात पडलं असावं असा अंदाज मुलं बांधतात. पण त्यात आहे काय, हे तेरा पुस्तकं संपली तरी लेखक सांगत नाही.

वाचकांनी मात्र हार मानली नाही. नातीनं मला सगळी मतं बोटांवर मोजून दाखवली. पहिलं, त्यात विषावरचा उतारा असावा. अकराव्या पुस्तकात एक जीवघेणी विषारी बुरशी आहे. तिच्यावर हॉर्सरॅडिश नावाचं, मोहरीसारखा झणका असलेलं मूळ चालतं, आणि भांड्याचा शोध नेमका ती बुरशी असलेल्या गुहेतच चाललेला आहे. दुसरं मत, त्यात कुणाच्या तरी अपराधाचा लेखी पुरावा असावा. तिसरं, आत काहीच नसेल, भांडंच मोलाचं असेल. आणि चौथं, साखर!

"पण टीव्हीवरच्या मालिकेत सांगितलंय ना?" मी घरच्यांकडून ऐकलेलं तिच्यापुढे टाकलं. २०१९ साली त्या मालिकेचं शेवटचं पर्व आलं. त्यात, भांड्यात त्या बुरशीपासून वाचवणारी खास साखर होती, असा उलगडा केला आहे. हँडलर स्वतः त्या मालिकेच्या निर्मितीत होते. मला वाटलं, मिटला वाद.

नात म्हणाली, "ते मालिकेतलं भांडं, आजोबा. मी पुस्तकातल्या भांड्याचं विचारतेय."

मी गप्प झालो. कारण पोरीनं नकळत एका जुन्या प्रश्नावर बोट ठेवलं होतं. १९३३ साली एल. सी. नाइट्स या इंग्रज समीक्षकानं एका निबंधाला शीर्षक दिलं होतं, 'लेडी मॅकबेथला मुलं किती?' नाटकातली पात्रं म्हणजे खरी माणसं समजून नाटकाबाहेरच्या चौकशा करणाऱ्यांना तो चिमटा होता. नाटकात जे नाही ते कुठंच नाही. त्या न्यायानं पाहिलं तर साखरेच्या भांड्यात उतारा आहे हेही खरं नाही आणि नाही हेही खरं नाही. लेखकानं ते झाकण उघडलेलं नाही, म्हणजे त्याच्या आत खरं-खोटं ठरवणारी वस्तूच नाही.

मग लेखकानं मुलांना फसवलं का? या प्रश्नाचाही मी प्रामाणिकपणे विचार केला. चार्ल्स डिकन्सची 'एडविन ड्रूड' ही कादंबरी अर्धवट राहिली, कारण १८७० च्या जूनमध्ये डिकन्सच गेले. बारापैकी सहाच भाग हातात आले. पुढं १९१४ साली लंडनला त्यातल्या संशयिताचा लुटुपुटीचा खटला भरवला गेला. त्यात चेस्टरटन न्यायाधीश आणि बर्नार्ड शॉ ज्यूरीचे प्रमुख होते. तिथं उत्तर मृत्यूनं अडवलं. इथं लेखक हयात आहे आणि जाणूनबुजून गप्प आहे. रहस्य दाखवायचं आणि उलगडायचं नाही, हा वाचकाशी केलेला करार मोडणं नव्हे काय?

मला आमचा चांदोबा आठवला. आमच्या घरी मराठी 'चांदोबा' यायचा आणि शेजारच्या कानडी घरी तोच 'चंदमामा' म्हणून यायचा. आम्ही पोरं अंकांची अदलाबदल करून चित्रं ताडून बघायचो, विक्रमाच्या खांद्यावर प्रेत तेच आणि वेताळाचा प्रश्नही तोच. राजा दरवेळी उत्तर देई, त्याचं मौन सुटे आणि वेताळ परत झाडावर. पुढं मोठेपणी मूळ वेताळ पंचविशी वाचली तेव्हा कळलं की शेवटच्या कथेत राजाला उत्तर येत नाही. बाप मुलीशी आणि मुलगा आईशी लग्न करतो, तर त्यांच्या मुलांचं आपसात नातं काय? राजा निरुत्तर होऊन चालत राहतो आणि वेताळ प्रसन्न होतो. आधीच्या इतक्या उत्तरांनी जे साधलं नाही ते एका मौनानं साधलं. तेव्हा मुलांच्या कथेत उत्तर न देणं ही काही अमेरिकेतली नवी टूम नव्हे.

आणि स्निकेटच्या मौनाला आणखी एक कारण आहे, असं मला तेरावं पुस्तक संपवताना वाटलं. ज्या बीअट्रिसवर भांडं चोरल्याचा आरोप आहे ती शेवटी मुलांची आईच निघते. ओलाफच्या आईवडिलांच्या मृत्यूत बोदलेअर मुलांच्या आईवडिलांचा हात असावा, असंही बाराव्या पुस्तकात सुचवलं जातं. म्हणजे 'भांड्यात काय होतं' या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे. आमची आई चांगली होती का? त्या तीन मुलांना त्याचं उत्तर मिळत नाही. उत्तराशिवायच त्यांना आईवर प्रेम करायचं आहे आणि स्वतः नीट वागायचं आहे.

इथवर सगळं वाङ्मयीन होतं. सातव्या पुस्तकानं मात्र मला घरात आणून सोडलं.

त्या पुस्तकात एक गाव आहे. गावकरी एका माणसाला धरून आणतात. त्याच्या दोन भुवया मिळून एकच झालेली आहे आणि घोट्यावर डोळा गोंदलेला आहे. ओलाफच्या खुणा नेमक्या याच. मुलं कळवळून सांगतात की हा तो नव्हे. कुणी ऐकत नाही. त्याला जाळायचं ठरतं, पण त्याआधीच खरा ओलाफ कोठडीत त्याचा खून करतो आणि आळ मुलांवर येतो. वर्तमानपत्र ते छापतं, लोक वाचतात, आणि पुढच्या सगळ्या पुस्तकांत ती मुलं खुनी म्हणून पळत राहतात.

ते प्रकरण वाचून मी पुस्तक मिटलं. लेखकाचा सल्ला मी तेवढ्या एकाच वेळी मानला.

साल १९६३ असावं. मी नऊ वर्षांचा होतो. शहापुरात आमचं एकत्र कुटुंब होतं, चुलत्यांसह अठरा माणसं. एका सकाळी आजीच्या सोन्याच्या पाटल्या कपाटात नव्हत्या. दुपारपर्यंत घरात जितकी तोंडं तितके तर्क झाले. कुणी म्हणालं उंदरानं ओढल्या, कुणी म्हणालं आजीच विसरली, कुणी खालच्या आवाजात धाकट्या काकांच्या पत्त्यांच्या नादाचं बोललं आणि लगेच गप्प झालं. शेवटी सगळे तर्क उताराला लागलेल्या पाण्यासारखे एकाच ठिकाणी येऊन थांबले. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई. कानडी बोलणारी. आम्ही मुलं तिला अक्का म्हणायचो.

आणि तेव्हा मी बोललो. "मी अक्काला कपाटाजवळ बघितलं." बघितलं होतं हे खरं. ती तिथं रोजच केर काढायची, हेही मला माहीत होतं. ते मी सांगितलं नाही. मोठ्या माणसांच्या चर्चेत आपलंही काही चालावं, एवढाच माझा लोभ. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. ते मला आवडलं. पुरावा म्हणून घरात तेवढं पुरलं.

अक्का अंगणात उभी राहून एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती, "ना तगोंडिल्ल री, ना तगोंडिल्ल." आमच्या घरात कानडी सगळ्यांना समजत होतं. बाजारहाट आम्ही कानडीतच करायचो. त्या दिवशी मात्र तिला कुणी कानडीत उत्तर दिलं नाही. ती गेली, परत आली नाही. पाटल्याही मिळाल्या नाहीत. त्या कुणी घेतल्या, हे मला आजतागायत माहीत नाही.

आता फरक पाहा. साखरेच्या भांड्यात नेमकं काय, याला पानाबाहेर उत्तरच नाही. म्हणून शंभर तर्क शेजारीशेजारी सुखानं नांदू शकतात, कुणाचं काही बिघडत नाही. पाटल्यांचं तसं नव्हतं. त्या कुठंतरी होत्या. कुणीतरी घेतल्या होत्या किंवा कुठंतरी पडल्या होत्या. खरं काय ते एकच होतं आणि ते आम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणजे जपून बोलायचं ते तिथं, आणि सैल सुटायचं ते पुस्तकात. आपण नेमकं उलटं वागतो. माझी नात आपलं मत मांडताना पुस्तक, प्रकरण, पान सांगते. दुसऱ्याचं मत खोडताना त्याला आधी पूर्ण बोलू देते, आणि शेवटी 'असं मला वाटतं' ही शेपटी लावायला विसरत नाही. काल्पनिक भांड्यासाठी एवढी काटेकोर वागणूक. आणि आमच्या घरात एका हाडामांसाच्या बाईसाठी नऊ वर्षांच्या पोराचं अर्धं वाक्य पुरलं.

कुणी म्हणेल, मुलांच्या पुस्तकातल्या कोड्यावर इतका वेळ घालवणं म्हणजे रिकामटेकडेपणा. मला तसं वाटत नाही. उत्तर नसलेल्या प्रश्नाभोवती मुलं जेव्हा तर्क लढवतात, तेव्हा तर्क आणि निकाल यांतलं अंतर ती शिकतात. ज्याला प्रत्येक कोड्याचं उत्तर शेवटच्या पानावर मिळायची सवय लागली, तो आयुष्यातल्या कोड्यालाही शेवटचं पान लवकर आणू पाहतो. मग जो सर्वांत दुबळा असेल त्याच्यावर ते पान संपतं. आमच्यासारख्या दोन भाषांच्या गावात हे जास्तच समजून घ्यायला हवं. इथं संशयाला वाट हवी असली की ती फार लांब शोधावी लागत नाही. भिंतीपलीकडची भाषा पुरते. हे दोन्ही बाजूंना लागू आहे.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री गच्चीवर मी नातीला पाटल्यांची गोष्ट सांगितली. माझं अर्धं वाक्यही सांगितलं. घरात हे आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं. ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं, आता ही बोटांवर तर्क मोजायला लागणार. धाकटे काका, उंदीर, आजीचा विसर.

तिनं विचारलं, "अक्काला काय वाटत होतं? पाटल्या कुठं गेल्या असतील असं?"

मी म्हणालो, "तिला कुणी विचारलंच नाही."

"तुम्हीपण नाही?"

"मीपण नाही."

सकाळच्या गाडीनं ती गेली. जाताना बारा पुस्तकं घेऊन गेली. सातवं माझ्याकडे ठेवून गेली. विसरली असेल किंवा मुद्दाम ठेवलं असेल. मी विचारलेलं नाही.