झीज कोणी सोसावी?

डिजिटल कॅमेरा वापरणाऱ्या माणसाच्या मनात कधी ना कधी एक शंका येतेच, की चित्रे संगणकावर उतरवून घेण्यासाठी मेमरी कार्ड रोज बाहेर काढावे आणि रोज पुन्हा आत बसवावे, तर त्या काढघालीने कार्डाची आणि कॅमेऱ्यातील खाचेची झीज होत नाही काय. आणि होत असेल, तर कार्ड जागच्या जागी राहू देऊन केबलवर काम भागवणे अधिक शहाणपणाचे नाही काय? वरवर पाहता ही शंका दुरुस्तीच्या दुकानात विचारण्याजोगी आहे, आणि त्या पायरीवरचे तिचे उत्तरही फारसे अवघड नाही. परंतु तिच्या बुडाशी जो प्रश्न दडलेला आहे तो कॅमेऱ्याहून फार जुना आहे. जी वस्तू उपयोगासाठीच निर्माण झाली ती उपयोगानेच क्षीण होत असेल तर तिच्याशी आपण कसे वागावे, आणि झीज अटळच असेल तर ती कोणाच्या वाट्याला जावी, हे कोणत्या न्यायाने ठरवावे? यांपैकी पहिल्या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ चिंतन झाले आहे. दुसरा मात्र, मला वाटते, त्याहून महत्त्वाचा असूनही पुष्कळदा विचारलाच जात नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९९९ साली सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून जाहीर केलेले एसडी कार्ड ३२ मिलिमीटर लांब, २४ मिलिमीटर रुंद आणि २.१ मिलिमीटर जाड असते, आणि त्याच्या पाठीवर नऊ सोनेरी पट्ट्या असतात. सोन्याला गंज चढत नाही म्हणून त्याचा अतिशय पातळ मुलामा तेथे दिलेला असतो. कार्ड आत सरकताना कॅमेऱ्यातील बारीक स्प्रिंगा या पट्ट्यांवरून दाब देत घसरतात, आणि त्या घसरण्यातच विजेचा संबंध जुळतो. बरीच वर्षे वापरलेले कार्ड उजेडात तिरपे धरून पाहावे: प्रत्येक पट्टीच्या मधोमध एक सरळ, फिकट रेघ उमटलेली दिसते. ती त्या असंख्य भेटींची खूण होय. एसडीच्या मानकाने ही काढघाल १०,००० वेळा सोसली जावी अशी मर्यादा घातली आहे. म्हणजे रोज एकदा कार्ड काढून घातले तरी सत्तावीस वर्षे सहज निघतील, आणि तोपर्यंत तो कॅमेराच वापरातून गेलेला असेल. कार्डे आणि खाचा निकामी होतात त्या बहुधा इतर कारणांनी, म्हणजे घाईने तिरपे घातल्याने, आत गेलेल्या धुळीने, दमट हवेने, किंवा पट्ट्यांमधल्या प्लॅस्टिकच्या नाजूक कडा तुटल्याने. नियमित, शांत वापराने होणारी झीज अल्प असते; मोठी हानी होते ती अविचाराने.

परंतु कार्डाला बाहेरच्या झिजेखेरीज आतलीही एक झीज आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडलेल्या फ्लॅश स्मृतीत प्रत्येक नोंद म्हणजे एका निरोधक थराच्या पलीकडे कोंडून ठेवलेला इलेक्ट्रॉनांचा लहानसा साठा असतो. लिहिताना त्या इलेक्ट्रॉनांना तो थर पार करून आत ढकलावे लागते आणि पुसताना बाहेर ओढावे लागते. प्रत्येक येजाईत काही नॅनोमीटर जाडीचा तो थर किंचित दुखावतो, आणि अखेरीस कोंडलेले धरून ठेवण्याची त्याची शक्ती संपते. एका पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या रचनेत ही मर्यादा सुमारे १,००,००० लेखनांची मानली जाई. एका पेशीत तीन बिटे दाटीने बसवणाऱ्या रचनेत ती काही हजारांवर आली आहे. वाचण्याने ही स्मृती जवळजवळ झिजत नाही, लिहिण्याने आणि पुसण्याने झिजते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, ती ही की कार्ड कपाटात नुसते पडून राहिले तरी कोंडलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षांच्या मुदतीत हळूहळू निसटतच असतात. वापर थांबवला म्हणून क्षय थांबत नाही.

येथे मला आपल्या न्याय-वैशेषिक परंपरेतील एका वर्गीकरणाची आठवण होते. सतराव्या शतकातील अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त, जो मुंबई संस्कृत ग्रंथमालेत १८९७ साली आठल्ये आणि बोडस यांच्या परिश्रमाने सटीप प्रसिद्ध झाला, चोवीस गुण सांगितले आहेत; त्यांत संयोग आणि विभाग हे दोन्ही स्वतंत्र गुण आहेत, आणि शेवटचा गुण जो संस्कार, त्याचे तीन प्रकार केले आहेत: ढकललेल्या वस्तूला पुढे नेणारा वेग, स्मरणाला कारण होणारी भावना, आणि वाकवलेल्या वस्तूला मूळ स्थितीवर आणणारा स्थितिस्थापक. नैयायिकांनी भावना केवळ आत्म्याच्या ठिकाणी मानली, आणि जड यंत्राच्या स्मृतीला त्यांनी ते स्थान दिले नसते, हे उघड आहे. तरीही गती, स्मृती आणि लवचिकपणा या तीन दूरदूरच्या दिसणाऱ्या गोष्टी त्यांनी एकाच सदराखाली आणल्या यात मोठी सूक्ष्म दृष्टी आहे. कारण तिन्हींमध्ये घडून गेलेली क्रिया वस्तूत मागे काहीतरी ठेवून जाते आणि ते मागे राहिलेले पुढच्या क्रियेला कारण होते. बोटाने दिलेली गती, खाचेतील स्प्रिंगेचे पूर्ववत होणे आणि कार्डातील नोंद ही त्रयी कार्डाच्या प्रत्येक काढघालीत एकत्र येते. ज्याच्यावर मागच्या क्रियेचा ठसाच उमटत नाही त्याला स्मृती असणार नाही आणि लवचिकपणाही असणार नाही. आणि ज्याच्यावर ठसा उमटू शकतो ते कधीतरी झिजणारच. झीज म्हणजे ग्रहणशीलतेचे मोल होय, आणि ते मोल द्यायचे नाही असे ठरवणे म्हणजे काहीही ग्रहण न करण्याचे ठरवणे होय.

म्हणून वस्तू जपण्यासाठी ती न वापरणे हा मार्ग विचारान्ती टिकत नाही. बौद्धांनी तर प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नष्ट होते असेच प्रतिपादले. तो क्षणिकवाद ज्यांना मान्य नाही त्यांनाही गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील हे तत्त्व नाकारता येत नाही, की कर्म केल्यावाचून कोणी क्षणभरही राहू शकत नाही. कृपणाच्या तिजोरीतले धन आणि कपाटातले कोरे कार्ड यांचा क्षय होतो तो निष्फळ होतो, एवढाच त्यांच्यात आणि वापरात असलेल्या वस्तूंत भेद. पंढरीच्या वाटेवर रिंगणाचे चित्र टिपताना जे कार्ड झिजले ते सार्थकी लागले. न वापरता मेलेल्या कार्डाबद्दल तसे म्हणण्याची सोय नाही. येथवर आपल्या परंपरेचे उत्तर स्पष्ट आहे आणि ते मला संपूर्ण मान्य आहे. सत्कार्यासाठी झिजावे, हे आपल्या संतांनी इतक्या परीने सांगितले आहे की त्यात भर घालण्याची गरज नाही.

परंतु ‘झिजावे’ असे म्हटल्यावर ‘कोणी’ हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि यंत्रे घडवणाऱ्यांना तो टाळता आलेला नाही. १९९४ साली आलेल्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाची रचना पाहा. त्याच्या कडेला पन्नास बारीक छिद्रे असत आणि त्यांत शिरणाऱ्या पन्नास पिना कॅमेऱ्याच्या पोटात असत. कार्ड किंचित तिरपे गेले की पीन वाके, म्हणजे चूक कार्डाच्या जागी होई आणि दंड कॅमेऱ्याला बसे. मुंबईच्या फोर्ट भागात, बोराबाजारात, एका कारागिराला अशी पीन सरळ करताना मी पाहिले आहे. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, सुईच्या टोकाने त्याने ती कणाकणाने उभी केली आणि मग कॅमेऱ्याच्या मालकाला सांगितले, “साहेब, आता ही सरळ दिसते, पण हिचा भरवसा धरू नका. पुन्हा वाकली तर तुटेल.” स्थितिस्थापकतेलाही एक मर्यादा असते, तिच्यापलीकडे वाकवलेली धातू पूर्ववत दिसली तरी पूर्ववत होत नाही.

पुढच्या रचनाकारांनी यातून धडा घेतला. एसडी कार्डाच्या मांडणीत वाकण्याजोग्या पिना राहिल्या नाहीत. २००७ साली ठरलेल्या मायक्रो-यूएसबीच्या मानकात तर हा विचार अगदी उघड दिसतो: घट्ट पकड ठेवणारे लवचिक भाग उपकरणातून काढून केबलच्या टोकात घातले गेले, जेणेकरून झीज व्हायची ती केबलची व्हावी, महागड्या उपकरणाची होऊ नये. जुन्या मिनी-यूएसबीची ५,००० जोडण्यांची मर्यादा या नव्या जोडणीत १०,००० झाली. म्हणजे कार्ड न काढता केबल लावणाराही झीज टाळत नाही, ती फक्त एका खाचेकडून दुसऱ्या खाचेकडे वळवतो. वळवताना ती स्वस्त आणि सहज बदलता येणाऱ्या भागाकडे गेली पाहिजे, एवढे पाहणे त्याच्या हाती असते. झिजेचा हा बंदोबस्त वस्तूंच्या बाबतीत सर्वथा योग्य आहे, कारण वस्तूला किंमत असते आणि कमी किमतीची वस्तू खर्ची घालून अधिक किमतीची राखणे यात कोणावरही अन्याय होत नाही.

माणसांच्या व्यवहारात मात्र हाच हिशेब भयंकर ठरतो, आणि दुःखाची गोष्ट ही की तो आपण शतकानुशतके मांडत आलो आहो. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिशास्त्रीय ग्रंथात किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला. ज्याच्या जागी दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत, आणि ज्याच्या जागी दुसरे काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा, असा त्याचा आशय. माणूस या दुसऱ्या सदरातला. तरीसुद्धा गावगाड्यात कष्टाची आणि घाणीची कामे काही घराण्यांकडे जन्माने लावून दिली गेली, त्या वहिवाटीला धर्माचे नाव मिळाले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९३६ साली लिहिलेल्या आपल्या भाषणात हे स्पष्ट करावे लागले की ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावलेली वाटणी आहे. स्वस्त भागाने झिजावे हा यंत्राचा नियम माणसांना लावला, की आधी काही माणसे स्वस्त ठरवावी लागतात. अन्यायाचा आरंभ या ठरवण्यात आहे.

आपल्या घरांतही हेच घडते. देवघरात गंध उगाळताना चंदनाची झीज आपण पाहतो आणि तिचे गुणगान करतो. परंतु पिढ्यान्‌पिढ्या त्या चंदनाखाली राहून सहाणेलाही मधोमध खळगा पडलेला असतो, तिची स्तुती कोणी केलेली मला ठाऊक नाही. कुटुंबासाठी खपणाऱ्या कर्त्या पुरुषाला चंदनाची उपमा मिळते, आणि पहाटे उठून सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या हातांना पडलेले घट्टे तिच्या स्वभावाचा भाग समजले जातात. स्वेच्छेने झिजणे हा त्याग होय. दुसऱ्याने आपल्यासाठी झिजावे अशी व्यवस्था लावून देणे आणि मग त्याच्या झिजण्याला त्याग म्हणणे, ही फसवणूक होय, आणि धर्माच्या भाषेत केल्यामुळे ती अधिकच गंभीर ठरते.

याबाबतीत त्या लहानशा कार्डाच्या पोटातील कारभार आपल्या सामाजिक कारभाराहून न्याय्य आहे, असे मला गंभीरपणे म्हणावेसे वाटते. कार्डात एक नियंत्रक असतो आणि स्मृतीच्या कोणत्या खंडावर किती वेळा लिहिले गेले याचा हिशेब तो ठेवतो. नवी नोंद आली की सवयीने पहिल्याच खंडाकडे न जाता, जो कमी झिजला आहे त्याच्याकडे तो ती सोपवतो. चांगल्या रचनेत तो याही पुढे जातो: एखाद्या खंडात दीर्घकाळ न बदललेली नोंद स्वस्थ बसून असेल, तर ती उचलून तो एखाद्या दमलेल्या खंडात ठेवतो, आणि जो आजवर आरामात होता त्याला कामावर बोलावतो. दमलेल्याला विश्रांती आणि विश्रांत असलेल्याला काम, ही तजवीज नसती तर काही मोजके खंड लवकर मेले असते आणि बाकीचे शाबूत असूनही संपूर्ण कार्ड निकामी झाले असते. समाजाचेही असेच होते. त्याचा एक भाग सतत झिजवला तर उरलेल्या भागाचे ताजेपण त्याला वाचवू शकत नाही.

या व्यवस्थेत मला तीन कर्तव्ये दिसतात. पहिले, हिशेब ठेवणे: घरात, कचेरीत, गावात कोण किती झिजले याची नोंद असावी, कारण जी झीज मोजली जात नाही ती नाहीच असे मानण्याची आपल्याला सवय असते. दुसरे, आळीपाळी: जे काम माणसाला झिजवते ते जन्माने, लिंगाने किंवा केवळ वहिवाटीने एकाच्याच माथी राहू नये. तिसरे, मर्यादेची जाण: वाकवलेला माणूस पुन्हा सरळ उभा राहिला म्हणून त्याला कितीही वेळा वाकवावे, असा हक्क कोणालाही मिळत नाही.

तेव्हा कार्ड खुशाल काढावे आणि घालावे. सरळ धरून, धूळ पुसून, घाई न करता. त्याने होणारी झीज थोडी आहे, आणि ज्या चित्रांसाठी ती होते त्यांच्या मानाने ती क्षुल्लक आहे. धर्म या शब्दाने आपण जे मानतो त्याची कसोटी मात्र दुसरीकडे आहे. दुसऱ्याला झिजण्याचा उपदेश करण्यापूर्वी आपण स्वतःची पाळी घेतली आहे की नाही, हे ज्याने तपासले नाही, त्याला त्यागाची महती सांगण्याचा अधिकार नाही.