तापाचा रकाना

विदर्भातल्या जुन्या घरांमध्ये १९१८ सालची आठवण एका शब्दात टिकून आहे: मानमोडी. त्या वर्षी पावसाळा सरता सरता इन्फ्लुएंझाची दुसरी लाट आली आणि घरंच्या घरं ओस पडली. मध्यप्रांत व वऱ्हाड हा देशात सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांपैकी एक होता आणि नागपूर ही त्याची राजधानी. लोकांनी साथीला नाव दिलं. सरकारी नोंदवहीत मात्र यातले बहुतेक मृत्यू ‘ताप’ या रकान्यात गेले.

नोंदवहीचे रकाने ठरलेले असत: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, इजा आणि उरलेलं सगळं ‘इतर’. खेड्यात मृत्यूची वर्दी कोतवाल देई. मेलेल्या माणसाला डॉक्टरने बहुधा पाहिलेलंच नसे. अंग तापलं होतं, एवढं घरचे सांगत आणि तेवढंच लिहिलं जाई. हिवताप, विषमज्वर, क्षय, बाळंतरोग असे कितीतरी मृत्यू या एका शब्दात मिसळून जात. वर्षानुवर्षं सर्वांत मोठा आकडा याच रकान्याचा असे.

प्लेगचं तसं नव्हतं. १८९६मध्ये मुंबईत आलेल्या प्लेगने व्यापार आणि सरकार दोघांनाही हादरवलं. नागपुरातही तो पुन्हा पुन्हा आला. १९०१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख २७ हजार होती. १९११मध्ये ती जेमतेम १ लाख १ हजार भरली. शिरगणतीच्या वेळी प्लेग होता आणि लोक शहर सोडून बाहेर पडले होते. प्लेगची धास्ती पेढीवाल्याला आणि साहेबालाही होती. ताप रोजचाच होता आणि त्यात मरणारा बहुतेक गरीब होता. स्वतंत्र रकाना मिळायला नुसती मेलेल्यांची संख्या पुरत नाही. जिवंत असलेल्यांना भीतीही वाटावी लागते.

म्हणून प्रश्न पडतो, मृत्यूचं कारण म्हणजे नेमकं काय? १९१८मध्ये इतवारीत वारलेल्या एखाद्या विणकराचा विचार करा. तो फ्लूने गेला. पण त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, युद्धामुळे धान्य महागलं होतं, माग आणि बिऱ्हाड एकाच कोंदट खोलीत होतं. यातलं कुठलंही कारण खोटं नाही. आपण ज्याला ‘कारण’ म्हणतो, ते या साखळीतून उचललेली एक कडी असते. ती कुणी उचलायची, हा वैद्यकाइतकाच नीतीचाही प्रश्न आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. साखळी मागे मागे नेली की शेवटी ‘दारिद्र्य’ उरतं, आणि दारिद्र्यावर खटला भरता येत नाही. सगळेच जबाबदार म्हणजे कुणीच नाही. शिवाय कारकुनाला दोष तरी कसा द्यावा? माणसातला फ्लूचा विषाणू वेगळा काढता आला तो १९३३मध्ये. हे मला मान्य आहे. पण कोंदट खोली दिसायला सूक्ष्मदर्शक लागत नव्हता. नळाचं पाणी कुठल्या वस्तीत पोचलं आणि कुठे नाही, हे नगरपालिकेला ठाऊक होतं. त्यामुळे माझी कसोटी साधी आहे: जी कडी त्या वेळी कुणाच्या तरी हातात होती, ती नोंदीत यायला हवी.

हा वाद जुन्या दप्तरांपुरता नाही. २०२१च्या उन्हाळ्यात घाटांवर रांगा लागल्या होत्या, तेव्हा दाखल्यावर ‘कोविड’ लिहायचं की ‘हृदयविकार’, यावर घराघरांत वाद झाले. पुढे सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्यामुळे मृताच्या वारसांना ५० हजार रुपये मिळू लागले, आणि त्या एका शब्दाला पैशांचंही मोल आलं. मात्र शब्दासाठी झगडणाऱ्या अनेकांना पैशांहून दुसरंच काही हवं होतं. आपलं माणूस कशाने गेलं, हे कुणीतरी अधिकृतपणे मान्य करावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

१९१८मध्ये असं मागणं घेऊन जायला दार नव्हतं. लोकांनी आपल्यापुरती दुसरी नोंद ठेवली. ‘मानमोडी’ हा शब्द तिथून आपल्यापर्यंत आला आहे.