ज्येष्ठातला डोळा

बसा. द्राक्षाच्या मांडवाखालची शहाबादी फरशी अजून गार आहे. ती कलबुर्गीकडच्या खाणीतली; मागची भिंत बिदरच्या तांबड्या जांभ्याची. पाठ टेकवा. घाई नाही.

आधी नजर बुंध्याशी न्या. मनगटाएवढं एकच खोड, साल चिंध्यांसारखी सुटलेली. ओढून काढू नका. नजर सावकाश वर चढू द्या. डोक्याच्या उंचीवर खोड तारेला दोन्हीकडे बिलगतं, ते ओलांडे. ओलांड्यांवर काड्या, काड्यांवर पानं, पानांतून तुमच्या मांडीवर उतरलेलं ऊन. त्यातला एक कवडसा निवडा. चार श्वास त्याच्याबरोबर राहा.

दीड महिन्यापूर्वी इथे कवडसे नव्हते, नुसतं ऊन होतं. एप्रिलात खरड छाटणी झाली. ऐन उन्हाळ्यात घरची सावली आपल्याच हातानं कापताना जीव चुटपुटला, तो क्षण आठवा. थंड मुलखात हिवाळा आला की वेल पानं टाकते आणि झोपते. दख्खनच्या थंडीत तेवढं बळ नाही. म्हणून इथे कात्री वर्षातून दोनदा लागते: एप्रिलात काडीसाठी, ऑक्टोबरात फळासाठी. चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूतानं दौलताबादेत द्राक्षं वर्षातून दोनदा येतात असं लिहून ठेवलं. आज आपण पीक एकदाच घेतो. दुसरी पाळी वेलीला तयारीसाठी सोडून देतो.

आता हात वर न्या. बुडाशी तपकिरी होऊ लागलेली एक काडी हलकेच धरा. पानाच्या देठाजवळ अंगठा ठेवा. बारीक फुगवटा लागेल. हा डोळा.

खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 70 दिवसांत याच्या आत पुढचा घड ठरतो. बागायतदार त्याला सूक्ष्मघड म्हणतात. त्याला मणी नाहीत, गोडी नाही, साध्या नजरेला तो दिसतही नाही. त्याला काडीवर ऊन हवं आणि पाणी बेताचं. आभाळ भरून राहिलं किंवा लाडानं पाणी जास्त झालं, तर काडी नुसती पळत सुटते आणि डोळा रिकामा राहतो. मग ऑक्टोबरात कात्री कितीही नेमकी चालवा, आत नाही ते बाहेर यायचं नाही.

अंगठा तिथेच असू द्या. डोळे मिटा.

डोळ्यातल्या घडासारखाच नजरेआड, बिदरजवळ नौबादला जमिनीखालून बहमनी काळातला करेज गेला आहे. जांभ्यातून झिरपलेलं पाणी अंधारातून वाहून नेण्यासाठी तो खोदला. वरून चालणाऱ्याला दिसतात ती त्याची विहिरीसारखी तोंडं. तुमच्या घरात सध्या असं काय आहे, ज्याचं नुसतं तोंड दिसतं? हल्ली कमी बोलणारं मूल, अर्धवट राहिलेलं एखादं काम, रुसलेलं माणूस. एकच निवडा. त्याला काही विचारू नका. त्याच्यापर्यंत ऊन पोचतंय का, एवढं पाहा. की आपल्याच काळजीची सावली दाट झाली आहे? पाणी जास्त होतंय का?

पाच श्वास.

डोळे उघडा. घड माघ-फाल्गुनात लोंबतील, तेव्हा चाखू. आज दाटी झाली आहे तिथली दोन पानं खुडा, आतल्या काडीला ऊन लागू द्या. बादली भरून ठेवली असेल, तर अर्धीच ओता.