वैमानिकाची झोंप

सन २०२५ च्या डिसेंबराच्या आरंभीं देशांतील विमानतळांवर जो हाहाकार उडाला तो वाचकांच्या स्मरणांत असेलच. वैमानिकांच्या विश्रांतीसंबंधींचे नवे निर्बंध १ नोव्हेंबरपासून पुरते अमलांत आले होते. आठवड्याची सलग विश्रांति ३६ तासांची होती ती ४८ तासांची झाली, आणि रात्रीं विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. इंडिगो ही देशांतील सर्वांत मोठी कंपनी; तिच्यापाशीं या हिशेबानें पुरेसे वैमानिक नव्हते. ५ डिसेंबर या एकाच दिवशीं तिचीं हजारावर उड्डाणें रद्द झालीं. भुवनेश्वरास अडकलेलें एक नवदांपत्य हुबळीच्या आपल्याच स्वागतसमारंभास पडद्यावरून हजर राहिलें! त्याच दिवशीं रात्रीच्या कामाच्या निर्बंधांतून कंपनीस १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. ही सूट प्रवाशांच्या सोयीसाठीं, असें सांगण्यांत आलें.

हेंच सांगणें आमच्या मनांत सलतें. नियम जानेवारी २०२४ मध्येंच जाहीर झाले होते. तेव्हां कंपनीवरचा लोकांचा संताप सर्वथा न्याय्य होता. परंतु आमची गैरसोय पुढें करून आमच्याच जिवाचें कुंपण सैल करावें, हा न्याय कोणता?

२२ मे २०१० रोजीं पहाटे दुबईहून आलेलें विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टी ओलांडून दरींत कोसळलें. १६६ जणांपैकीं ८ वांचले. मुख्य वैमानिक प्रवासांत दीड तासाहून अधिक वेळ झोंपला होता. त्याचें घोरणें ध्वनिमुद्रणांत सांपडलें. उतरतांना सहवैमानिकानें विमान पुन्हा वर घेण्याविषयीं तीनदां सुचविलें, तें त्यानें ऐकिलें नाहीं. झोंपेंतून उठल्यावरची गुंगी हेंहि याचें एक कारण असूं शकेल, असें चौकशींत नमूद झालें.

कोणी म्हणेल, थकलेल्या वैमानिकांनीं हजारों विमानें सुखरूप उतरविलीं आहेत. खरें आहे. पण थकव्याचा दुर्गुण असा कीं, थकलेल्या माणसास तो सर्वांत शेवटीं कळतो. म्हणून ही गोष्ट त्याच्या संमतीवर सोडतां येत नाहीं. रात्रीच्या एस. टी. नें प्रवास केलेल्यांस ठाऊक आहे, घाटांत चालकाची मान जराशी लवली कीं मागच्या बांकावरचा कोणी शेतकरी त्याच्याशीं बोलूं लागतो, पुढच्या टपरीवर त्यास चहा पाजतो. स्वतःच्या जिवाची राखण तो स्वतः करतो. विमानांत वैमानिकाचें दार आंतून बंद असतें. त्या शेतकऱ्याच्या जागीं आमच्या वतीनें कोणी जागें असेल तर तो हा नियमच. आणि त्यासच आम्ही पेंगावयास सांगितलें.

आम्हीं? होय, आम्हींच. कांहीं वर्षांपूर्वीं पुण्याच्या विमानतळावर आम्ही दिल्लीस जाण्यासाठीं बसलों होतों. वैमानिकाच्या कामाची वेळ संपली आहे, दुसरा येईपर्यंत थांबावें लागेल, असें रात्रीं साडेदहास जाहीर झालें. केव्हां येईल तें सांगावयास कोणी नव्हतें. पाण्याची सोयहि धड नव्हती. मंडळी चवताळली, आणि आम्हीहि मागें राहिलों नाहीं. "दोन तासांनीं त्याचें असें काय बिघडणार आहे?" हें वाक्य आम्हीं त्या खिडकीशीं निदान तीनदां उच्चारलें. नीतिविषयक निबंध लिहिणाऱ्या माणसाचें हें वर्तन!

पहाटे तीनच्या सुमारास दुसरा वैमानिक आला. नुकतीच दाढी केलेली, हातांत लहानशी पेटी, चालणें चपळ. झोंप पुरी झालेला त्या दालनांत बहुधा तोच एकटा असावा. त्याच्याकडे कोणी कौतुकानें पाहिलें नाहीं. "आला एकदांचा," असें मात्र कोणीसें म्हणालें. तें आम्हीच म्हणालों असूं.